साठ वॅटची ऊब

उदय,

तुझा अ‍ॅम्प्लिफायर काल मी पहिल्यांदा गार असताना हातात घेतला. तुझ्या खोलीतल्या सावंतने तो तुझ्याच हिरव्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. ट्यूब वेगळ्या काढून, एकेक ट्यूब एकेका मोज्यात घालून. मोजेही तुझेच. त्याने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मी सवयीने हात मागे घेतला. इतकी वर्षं त्या डब्याजवळून जाताना मी ओढणी सांभाळली, आपल्या सईचे केस सांभाळले. काल त्याच्या झाकणावर तळहात टेकून बराच वेळ बसले. काहीच झालं नाही.

लोक फोन करतात. विचारतात, अचानकच ना? मी हो म्हणते. तुझं शिक्षण, तुझ्या नोकऱ्या, तुझं वय, हे सगळं फॉर्मवर भरून झालं आहे, मी ते पुन्हा लिहिणार नाही. मला तुझ्याशी आपलं ते भांडण बोलायचं आहे. उष्णतेचं. ते अर्धंच राहिलं.

शाळेत कोणाला सांगायला गेले, की माझा नवरा हेडफोनसाठी ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर बनवतो, तर आधी ट्यूब म्हणजे ट्यूबलाइट नव्हे हे सांगावं लागायचं. जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या, आत लालसर तापलेली तार. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: पण आता तर खिशात मावतं ना सगळं? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुझ्याकडे होतं, आणि तू ते मोठ्या आनंदाने एक-एक तास द्यायचास.

इकडे आखातातल्या आपल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरात तू पहिल्यांदा तो चालू केलास तेव्हा मी प्लगला मीटर लावून मोजलं होतं. साठ वॅट. मी म्हटलं, "साठ वॅट आत जातात आणि कानापर्यंत पोचतो वॅटचा हजारावा भाग. बाकीचं सगळं खोलीत. हा अ‍ॅम्प्लिफायर नाही, ही शेगडी आहे, तिला गाता येतं एवढंच."

तू हसलास. "बाई," तू म्हणालास. तू मला भांडताना बाईच म्हणायचास, माझ्या वर्गातल्या मुलांसारखं. "बाई, कॅथोड तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. तुम्हीच शिकवता ना? ताप हा त्याचा रोग नाही. ते त्याचं काम आहे."

"मग गाणं बंद असताना तरी कशाला तापतो?"

"तो असाच आहे. गाणं असो नसो, तेवढाच तापणार."

मी सांगितलं, एक रेझिस्टर बदल, करंट कमी कर, ट्यूब दुप्पट टिकतील. तू म्हणालास, आवाज पातळ होतो. मी म्हटलं, ट्यूब लवकर मरतील. तू म्हणालास, मरू देत, पण तोवर नीट वाजतील. मग मी तुला निदान त्या सागवानी डब्याला भोकं पाडायला लावली. वर नऊ, खाली नऊ, म्हणजे हवा खालून शिरेल आणि वरून जाईल. भोकं तू पाडलीस, पण मला ऐकू जाईल असं पुटपुटत, की फर्निचरची चाळण झाली.

तेव्हा आपण अशा गोष्टींवरून भांडू शकत होतो. आपल्या बाल्कनीतून दोन टॉवरवरच्या क्रेन दिसायच्या. मग एक दिवस त्या हलायच्या थांबल्या. आठवडाभर आपल्याला वाटलं, सुट्टी असेल. तुझ्या ऑफिसात आधी कॉफीचं मशीन गेलं, मग ड्राफ्ट्समन गेले, मग तुझं अख्खं डिपार्टमेंट. तू घरी येऊन बूट काढत म्हणालास, "खलास." एवढंच. मी चहा टाकला. तुझ्याजवळ बसायला हवं होतं, पण मी ओट्यापाशी उभी राहिले, कारण तुझ्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर नव्हता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर तुझं पार्सल आलं. युक्रेनहून मागवलेल्या ट्यूब. इथे घरी टपाल येत नाही, त्यामुळे ते आणायला तुला तिथेच जावं लागलं. तू टाय लावलास. मी आणि सई खाली गाडीत थांबलो. पाऊण तासाने तू छोटं खोकं घेऊन आलास आणि तुझ्या शर्टावर गोल स्टिकर होता. सई तेव्हा दहा वर्षांची, मागच्या सीटवरून वाचून म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू अ व्हिजिटर?"

तू स्टिकर काढलास, खोक्यावर चिकटवलास आणि तिला म्हणालास, "मी नाही गं. हे पार्सल व्हिजिटर आहे. युक्रेनहून आलंय." ती हसली. मी गाडी चालवत होते. तू नाही हसलास, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

तुझा व्हिसा माझ्या नोकरीवर आला. टायपिंग सेंटरमधल्या माणसाने फॉर्मवर स्पॉन्सरच्या, म्हणजे इथल्या भाषेत कफीलच्या, रकान्यात माझं नाव आणि डिपेन्डंटच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं आणि दोनदा विचारलं, उलटं नाही ना झालं? तू त्याला म्हणालास, "नाही हबीबी, अब ये मेरी कफील है." सगळे हसले. घरी येताना तू गाडीत तो फॉर्म मांडीवर पालथा धरून बसलास.

आणि मग अजमान. माझी शाळा शारजात, घर तिथून जवळ, नवी कोरी बिल्डिंग. तिला अजून पक्की वीज मिळालेली नव्हती हे आपल्याला सामान लावून झाल्यावर कळलं. खाली पार्किंगमध्ये मोठा जनरेटर धडधडायचा आणि दुपारी दोनच्या सुमाराला दमून बंद पडायचा. वॉचमन म्हणायचा, "इन्शाल्ला, कल तक." तो उन्हाळा आठवतो का तुला? भिंतीला हात लावला तर भिंत कढत. नळाचं पाणी बादलीत भरून गार व्हायला ठेवायचो. मी शाळेतून येऊन सईला ओल्या टॉवेलवर झोपवायचे. आणि तू त्या खोलीत, उघड्या अंगाने, कानाला हेडफोन लावून, त्या तापलेल्या डब्यासमोर बसलेला असायचास. जनरेटर जेवढा वेळ चालेल तेवढा वेळ.

त्या दिवसाचा विषय मी इतकी वर्षं कोणापाशी काढला नाही. तुझ्यापाशीही नाही.

दुपार होती. वीज गेली होती, आपण तिघंही जमिनीवर पडलो होतो. मग वीज आली, एकदम जोरात, दिवे क्षणभर पांढरे झाले, आणि तुझ्या टेबलावर फट्कन आवाज झाला. सई किंचाळली. डब्याच्या भोकांतून धूर आला आणि सडलेल्या माशासारखा वास. तू आधी प्लग ओढलास, मग डबा उलटा केलास. आतला एक कपॅसिटर फुटला होता. तू म्हणालास, "उष्णतेने सुकला असणार आतून. वर हा व्होल्टेज."

मी म्हणायला हवं होतं, लागलं नाही ना कोणाला. मी म्हणाले, "मी दिवसभर चाळीस पोरांसमोर घसा फोडून येते, आणि तू इथे बसून घर तापवतोस. तेवढं एकच काम उरलंय तुला."

सई समोर होती. फरशीवर सांडलेलं ते तपकिरी पाणी तू जुन्या बनियनने पुसून काढलंस, खिडकी उघडलीस, बाहेरची त्याहून गरम हवा आत आली, ती परत लावलीस. मग तो डबा कपाटावर ठेवून दिलास.

मी बरोबर होते, उदय. डब्याची भोकं अपुरी होती, खोली भट्टी होती, कपॅसिटर सुकणारच होता. नववीच्या मुलालाही ते सांगता आलं असतं. माझं बरोबर असणं पुढे पाच महिने त्या कपाटावर पडून होतं. तू सकाळी सईचा डबा भरायचास, माझे कपडे इस्त्री करायचास, अर्ज पाठवायचास आणि संध्याकाळी खुर्चीत बसायचास. हात मांडीवर. मी म्हणायचे, लाव ना काहीतरी, मी नाही रागावणार. तू म्हणायचास, "नको, गरम होतं."

माफी मागायची राहिली. रोज वाटायचं, आज मागू. मग तुला रुवैसची नोकरी लागली आणि मला वाटलं, आता गरज नाही, आता सगळं ठीक झालं.

रुवैस. तुझ्या शिक्षणाच्या दोन पायऱ्या खालचं काम, रिफायनरीत, उन्हात, हेल्मेट घालून पाइपांवरची गेज तपासायची. पण तू जाताना बॅगेत कपड्यांच्या आधी तो डबा भरलास. तिथे नवा कपॅसिटर घातलास. पंधरा दिवसांनी येताना साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवत यायचास, शनिवारी दुपारी परत निघायचास. तुझ्या मानेची कातडी काळी पडली आणि कॉलरच्या आत पांढरी राहिली. मी ती रेघ बघायचे.

सांगते, माझी एक आठवण चांगली आहे. हिवाळ्याच्या सुट्टीत मी आणि सई तुझ्याकडे आलो होतो. सावंत गावी गेला होता, म्हणून खोली आपल्याला मिळाली. त्या खोलीचा एसी कोणाच्याच हातात नव्हता, बाहेर गारठा आणि आत त्याहून गारठा. सई शाल पांघरून दात वाजवत होती. तू अ‍ॅम्प चालू केलास. दोन मिनिटांनी ट्यूब लाल झाल्या आणि सईने त्या नऊ भोकांवर हात धरले.

"इट्स लाइक अ पेट, बाबा," ती म्हणाली.

"मग नाव ठेव काहीतरी."

"शेगडी," ती म्हणाली. हा एकच शब्द ती मराठीत बोलली, आणि तू माझ्याकडे बघून इतका हसलास, की मलाही हसावंच लागलं. मी पण हात धरले. आपण तिघं त्या साठ वॅटवर हात शेकत बसलो होतो.

मग तू माझ्या कानाला हेडफोन लावलेस. मला वाटलं, तुझा कोणी बुवा असेल, तास दीड तास आलाप ऐकावा लागेल. आणि तुझी आई बोलायला लागली. "उदय, जेवलास का? इथं कराडात बरं आहे. शेजारच्या सुमनचा टेप आणलाय, तिला परत द्यायचाय, म्हणून भरभर बोलते." तू नवा नवा इकडे आलास तेव्हा आई कॅसेटवर बोलून पत्रं पाठवायच्या हे तू मला सांगितलं होतंस. त्या कॅसेट तू जपून कॉम्प्युटरवर घेतल्या आहेस आणि इतकी वर्षं या डब्यातून त्याच ऐकतो आहेस, हे नव्हतं सांगितलं. अजमानला त्या उन्हाळ्यात तू काय ऐकत होतास ते मला तेव्हा कळलं.

मी काय बोलावं? मी म्हणाले, "सुमनच्या टेपमध्ये जे आलंच नाही ते तुझा अ‍ॅम्प कुठून आणणार?" भौतिकशास्त्राची बाई मी.

तुला राग आला नाही. "नाही आणणार," तू म्हणालास. "पण जे आलंय, ते तरी सांडायला नको ना." आणि मग मला एक जागा पुन्हा ऐकवलीस. आई बोलता बोलता थांबतात, मागे कोणीतरी हापसा मारतं, दोनदा, तिसऱ्यांदा पाणी येतं. "तो आवाज ऐकलास? पाणी आल्याचा? दुसऱ्या कशावर तो येत नाही."

मला तो इतरही कशावर ऐकू आला असता असं अजून वाटतं. पण मी तेव्हा ते बोलले नाही. एवढ्या वर्षांत तुला न बोललेली एवढीच एक चांगली गोष्ट माझ्या खात्यावर आहे.

काल सावंत आला. चार तास गाडी चालवून, सुट्टी टाकून. तुझा रूममेट, मालवणचा, तू ज्याच्या माशांच्या आमटीबद्दल फोनवर सांगायचास. त्याने सामान ठेवलं आणि तो दारातच उभा राहिला. मी बसा म्हटलं तरी बसेना. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड होते, आता सुकलेले.

"वहिनी," तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. पोलिसांना नाही सांगितलं. त्यांनी विचारलंच नाही."

मी म्हटलं, सांगा.

"मी संध्याकाळी साडेपाचला ड्युटीवरून आलो. उदय नाइट करून आला होता, म्हणजे झोपला असणार. दार उघडलं तर खोलीत जळल्यासारखा वास. खुर्चीत बसलेला, हेडफोन कानाला. मला वाटलं, डोळा लागला. आणि तो अ‍ॅम्प सकाळपासून चालू, टॉवेल त्याच्यावर पडलेला, टॉवेलची कड काळी. मी आधी तिकडे धावलो, वहिनी. टॉवेल ओढला, तो बंद केला, बोटं भाजली ती फुंकत बसलो. आणि वर त्याला शिवी दिली, की आग लावशील साल्या. मग बघितलं." त्याने ती दोन बोटं मुठीत धरली. "आधी त्याच्याकडे जायला हवं होतं."

मी त्याला खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. सांगितलं, की डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तू दुपारी बाराच्या आसपासच गेला होतास. त्याने आधी काय केलं, नंतर काय केलं, याने काहीच बदललं नसतं. त्याने बिल्डिंग वाचवली. हे सगळं खरं होतं, आणि ते ऐकून तो रडला, आणि मला वाटलं, मी याला किती सहज मोकळं केलं. मला कोण करणार?

कारण मला पण एक सांगायचं होतं. तू जाण्याआधीचे दोन आठवडे फोनवर म्हणत होतास, छातीत जळजळ होते. तीनदा म्हणालास. मी एकदा पेपर तपासत होते, एकदा गाडीत होते. मी म्हणाले, मेसचं तेल, दुसरं काय. रात्री भात खाऊ नकोस. गोळी घे. तिसऱ्या वेळी तर मी विनोद केला, की त्या शेगडीसमोर बसल्यावर जळजळणारच. तू हसलास. तुझं शेवटचं हसणं मी असं घेतलं.

आम्ही इथेच तुला अग्नी दिला. कागदपत्रांसाठी चार दिवस धावपळ झाली, तेव्हा मी अजिबात रडले नाही, सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मी फक्त मनातल्या मनात ते तीन फोन पुन्हा पुन्हा लावत होते आणि दर वेळी वेगळं उत्तर देत होते. आत्ताच्या आत्ता क्लिनिकमध्ये जा. सावंतला फोन दे. मी येते.

सावंत गेल्यावर सई आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. पंधरा वर्षांची आहे, तुझ्याइतकी उंच झाली आहे, आणि तू गेल्यापासून ती माझ्याशी फक्त "आय अ‍ॅम फाइन" एवढंच बोलत होती. ती टेबलाशी बसली, मोज्यातून एक ट्यूब काढून हातात धरली. मला वाटलं, आज सांगितलं नाही तर ही गोष्टही तुझ्या माफीसारखी माझ्यापाशी राहील. मी तिला सांगितलं. जळजळ, गोळी, विनोद, सगळं. म्हटलं, तुझा बाबा मला सांगत होता आणि मी ऐकलं नाही.

तिने ती ट्यूब परत मोज्यात घातली. मला वाटलं, उठून जाईल. मग ती बोलली, मराठीत, शब्द शोधत शोधत.

"बाबाने मला पण सांगितलं होतं. हात दुखतो म्हणून. हा." तिने आपला डावा दंड धरून दाखवला. "म्हणाला, स्पॅनर उचलून दुखतो. आईला सांगू नको, ती रोज फोन करेल. मी प्रॉमिस केलं. म्हणून नाही सांगितलं."

उदय, मी तुझ्यावर चिडले आहे. हे वाक्य आज लिहायचंच असं ठरवून बसले होते. तू मला छाती सांगितलीस आणि तिला हात सांगितलास. दोन्ही हलक्या आवाजात, हसत हसत, कोणाला त्रास नको म्हणून. माझ्याकडे निम्मं होतं, तिच्याकडे निम्मं, आणि आम्ही दोघी एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत होतो. तो हात मला कळला असता तर मी गोळी घे म्हणाले नसते. एवढं तरी मला येतं.

मी सईला जवळ घेतलं. ती म्हणाली, "आई, माझ्यामुळे?" मी म्हटलं, नाही. तिने विचारलं, "मग तुझ्यामुळे?" आणि माझ्या आधी तिनेच मान हलवली, नाही म्हणून. आम्ही दोघींनी तुझं दुखणं पहिल्यांदा एकत्र मांडलं, तेव्हा तुला जाऊन अकरा दिवस झाले होते.